वीस डॉलरचा कागद : ‘द हार्डर दे कम’ आणि आवाजाच्या मालकीचा प्रश्न

कादंबरीवरून चित्रपट निघतो ही घटना आपल्या इतकी परिचयाची आहे की, ‘रूपांतर’ ह्या संज्ञेची आपली सारी चर्चा तो क्रम गृहीत धरूनच चालते. मूळ संहिता छापील, तिची दृश्य आवृत्ती नंतरची, आणि म्हणून काहीशी दुय्यम. जमैकातील ‘द हार्डर दे कम’ ह्या कृतीच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. पेरी हेन्झेल यांचा चित्रपट १९७२ चा; त्याच नावाची मायकेल थेलवेल यांची कादंबरी १९८० ची. परंतु हे उलटेपण दिसते तितके सरळ नाही. चित्रपटाच्या मागे १९४८ मधील एका फरारी गुन्हेगाराची हकिगत आहे, ती वृत्तपत्रांत छापून आलेली आणि तोंडोतोंडी पसरलेली आहे. आणि चित्रपटाच्या अंगात साठच्या दशकातील किंगस्टनच्या रेकॉर्ड-व्यवसायाचा इतिहास मुरलेला आहे. ह्यांपैकी ‘मूळ’ कोणते, असा प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही. त्याऐवजी दुसरा प्रश्न विचारावा असे मला वाटते : ह्या प्रत्येक रूपात आवाज कोणाचा आहे, आणि त्याची मालकी कोणाकडे आहे? चित्रपटाचे बहुतेक विवेचन त्यातील बंदुकीभोवती फिरते. प्रस्तुत लेखात ते एका कागदाभोवती फिरवून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

कथानक थोडक्यात असे. आयव्हन हा खेड्यातला तरुण आजीच्या मृत्यूनंतर बसमध्ये बसून किंगस्टनला येतो. आल्याआल्याच त्याचे सामान एक हातगाडीवाला पळवून नेतो. आईची झोपडी त्याला सामावून घेण्याजोगी नाही. ती त्याला एका धर्मोपदेशकाच्या आश्रयाला धाडते. गायक व्हावे, आपली रेकॉर्ड निघावी, हे त्याचे स्वप्न. उपदेशकाच्या पोटी वाढलेली नसली तरी त्याच्या ताब्यात असलेली एल्सा ही मुलगी, एका सायकलीवरून झालेली मारामारी, चिंचेच्या फोकांच्या फटक्यांची शिक्षा, एकदाची निघालेली रेकॉर्ड, तिच्यातून काहीच न मिळणे, गांजाच्या व्यापारात शिरणे, पोलिसाला गोळी घालणे, आणि अखेर लाइम के ह्या लहानशा बेटावर सैनिकांच्या गोळ्यांनी मरणे. रूपरेषा इतकी साधी आहे की, ती एखाद्या पोवाड्याची वाटावी. ह्यात आश्चर्य नाही, कारण तिचा शेवट खरोखरच घडून गेलेला होता.

व्हिन्सेंट आयव्हन्हो मार्टिन, लोकांत ‘राइगिन’ ह्या नावाने ओळखला जाणारा, १९४८ मध्ये किंगस्टनच्या तुरुंगातून पळाला. त्या वर्षी त्याने खून केले, पोलिसांना हुलकावण्या दिल्या आणि ९ ऑक्टोबर १९४८ रोजी लाइम के येथेच तो मारला गेला. ‘राइगिन’ हा शब्द ‘खवळलेला’, ‘उसळलेला’ ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे जमैकन रूप मानतात. आणि ‘आयव्हन्हो’? वॉल्टर स्कॉटच्या मध्ययुगीन सरदारांच्या कादंबरीतले हे नाव जमैकातील एका काळ्या मुलाला मिळावे, ह्या एका नामकरणात वसाहतीच्या शिक्षणाचा बराच इतिहास सामावलेला आहे. एक नाव पुस्तकातून आलेले, दुसरे रस्त्यावरून. राइगिनची आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. दोन्ही हातांत पिस्तुले घेऊन, हॉलिवुडच्या पडद्यावरील गुंडाचा आव आणून त्याने स्वतःची छायाचित्रे काढून घेतली होती आणि ती छापून आली. म्हणजे आपली प्रतिमा घडविण्याचे भान ह्या मूळ पुरुषालाही होते.

मात्र राइगिन गायक नव्हता. १९४८ मध्ये जमैकात रेकॉर्ड-उद्योग म्हणावा असे काही जवळजवळ अस्तित्वातच नव्हते. स्टॅन्ली मोटा ह्यांचा ध्वनिमुद्रणाचा उपक्रम पन्नासच्या दशकाच्या आरंभीचा. हेन्झेल आणि त्यांचे सहलेखक ट्रेव्हर रोन ह्यांनी जे केले ते असे : १९४८ चा दरोडेखोर त्यांनी उचलला आणि त्याला साठच्या दशकाच्या अखेरच्या रेकॉर्डबाजारात आणून सोडले. दोन वेगवेगळ्या काळांच्या ह्या सांध्यावरच चित्रपटाचा सारा अर्थ उभा आहे. आणि तो सांधा पुष्कळदा वाचकांच्या, प्रेक्षकांच्या नजरेतून निसटतो, कारण जिमी क्लिफच्या गाण्यांमुळे तो अजिबात जाणवत नाही.

हा रेकॉर्डबाजार कसा होता हे थोडे पाहिले पाहिजे. किंगस्टनमध्ये रेकॉर्ड प्रथम घरी ऐकण्याची वस्तू नव्हती. ‘साउंड सिस्टिम’ म्हणजे मोठमोठे ध्वनिक्षेपक, वाजवणारा आणि बोलणारा. मोकळ्या अंगणात पैसे देऊन लोक नाचायला यायचे. आरंभी वाजत असे ते अमेरिकेतून आणलेले संगीत. पन्नासच्या दशकाच्या शेवटी तो पुरवठा अपुरा पडू लागला, तसे कॉक्सन डॉड आणि पूर्वी पोलिसात असलेले ड्यूक रीड ह्यांच्यासारखे साउंड सिस्टिमवाले स्वतःच स्थानिक गायकांची गाणी मुद्रित करवून घेऊ लागले. म्हणजे गाणे मुद्रित करणारा, दाबून घेणारा, वाजवणारा आणि पुष्कळदा दुकानात विकणारा एकच. गायकाला एकदाच काही रक्कम दिली की व्यवहार मिटला. जमैकात १९९३ पर्यंत कॉपीराइटसंबंधीचा कायदा होता तो १९११ चा, साम्राज्याने दिलेला. (ह्याच कायद्याची भारतीय आवृत्ती १९१४ मध्ये आपल्याकडे लागू झाली होती, आपण ती १९५७ मध्ये बदलली. तरीही चित्रपटगीतांच्या कर्त्यांना रॉयल्टीचा हक्क सोडून देता येणार नाही अशी तरतूद व्हायला २०१२ उजाडले. तेव्हा जमैकाकडे फार उंचावरून पाहण्याचे कारण नाही.) कायदा कागदावर होता, किंगस्टनच्या स्टुडिओच्या दारात रांगेत उभ्या असलेल्या मुलापर्यंत तो पोचत नव्हता.

त्या रांगेत जिमी क्लिफही उभा राहिलेला होता. जेम्स चेंबर्स हे त्याचे पाळण्यातले नाव. तोही खेड्यातून किंगस्टनला आलेला. लेस्ली काँग ह्यांच्या कुटुंबाचे ‘बेव्हर्लीज्’ नावाचे दुकान होते, तेथे आइस्क्रीम मिळे आणि रेकॉर्डही विकल्या जात. ह्या मुलाने दुकानाच्या नावावरच एक गाणे रचले आणि ते म्हणून दाखवून काँगना रेकॉर्ड-निर्मितीत उतरवले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. आयव्हनची भूमिका करणारा नट आयव्हनचा पूर्वार्ध जगलेला होता. फरक एवढाच की, त्याच्यापुढे दार उघडले. चित्रपटातील गाण्यांपैकी बरीचशी काँग ह्यांनीच पूर्वी मुद्रित केलेली आहेत, आणि काँग १९७१ मध्ये, चित्रपट पडद्यावर येण्याआधीच, वारले.

आता कागदाकडे येतो. आयव्हनचे गाणे हिल्टन ह्या धनाढ्य निर्मात्याच्या स्टुडिओत मुद्रित होते. त्याआधी एक सुंदर दृश्य आहे. टूट्स अँड द मेटल्स ही गायकमंडळी गात आहेत आणि आयव्हन बाहेरून पाहतो आहे. त्याच्या चेहऱ्यावर जे आहे त्याला मी ईर्ष्या म्हणणार नाही, ते एका कारागिराने दुसऱ्याचे काम पाहणे आहे. पुढे त्याची पाळी येते, तो गातो, आणि कॅमेरा ते गाणे मोडतोड न करता जवळजवळ सबंध ऐकू देतो. चित्रपटात आयव्हन स्वतःच्या देहाचा पूर्ण मालक आहे असे एवढेच एक स्थळ. मग हिल्टन कागद पुढे करतो : वीस डॉलर. जमैकाने पौंड सोडून डॉलर घेतला तो १९६९ मध्ये, दोन डॉलरला एक पौंड ह्या दराने. म्हणजे जुन्या हिशेबाने दहा पौंड. आयव्हन नकार देतो. स्वतःच रेकॉर्ड घेऊन वाजवणाऱ्यांकडे हिंडतो, आणि मग त्याला कळते की दारे वेगवेगळी असली तरी किल्ली एकाच खिशात आहे. हिल्टनच्या शब्दावाचून गाणे वाजत नाही. तो परत येतो आणि सही करतो. सही केल्यावरही हिल्टन आपल्या माणसाला सांगतो की हे पोर उपद्रवी आहे, ह्याची रेकॉर्ड फार पुढे करू नका.

येथे जे घडते ते फसवणूक ह्या शब्दाने पुरेसे सांगितले जात नाही. फसवणुकीत एकाला ठाऊक असते, दुसऱ्याला नसते. आयव्हनला सर्व ठाऊक आहे; म्हणून तर तो आधी नाही म्हणतो. कागदावर होते ते विभाजन. ह्यापुढे आवाज एकीकडे राहील आणि ज्याच्या कंठातून तो निघाला तो माणूस दुसरीकडे. चित्रपटाचा उत्तरार्ध हे विभाजन पुन्हा जोडण्याची आयव्हनची धडपड आहे, आणि त्याच्यापाशी साधन उरलेले आहे ते केवळ हिंसेचे. तो पोलिसाला मारतो, फरारी होतो, छायाचित्रकाराकडे जाऊन राइगिनसारखी दोन पिस्तुले रोखून उभा राहतो, छायाचित्र वर्तमानपत्राकडे जाते. आणि आता हिल्टनची रेकॉर्ड खपू लागते. गाणे तेच आहे. त्यात एक सूरही बदललेला नाही. बदलले आहे ते त्याला चिकटलेले नाव. गायक म्हणून ज्याच्या आवाजाला वीस डॉलरच्या वर भाव नव्हता, त्याचाच आवाज खुनी म्हणून शहरभर वाजतो, आणि त्या वाजण्याचा एक पैसाही त्याच्याकडे येणार नाही, कारण सही झालेली आहे.

चित्रपटाच्या शीर्षकातच हे कसे गुंतले आहे ते पाहण्याजोगे आहे. इंग्रजीत एक म्हण आहे : जो जितका मोठा, त्याचे पडणे तितके जोराचे. शीर्षकाने ती अर्धीच घेतली आहे, तीही शब्द फिरवून; पडण्याचा भाग ऐकणाऱ्याने पुरा करायचा. गाण्यात जे पडणार आहेत ते सत्ताधारी, अत्याचारी. पडद्यावर पडतो तो गाणारा. म्हणीचा कर्ता कोण आणि कर्म कोण, ह्याची ही अदलाबदल चित्रपटाने कोठेही बोलून दाखवलेली नाही.

ह्या ठिकाणी इतिहासकार हॉब्जबॉम ह्यांची ‘सामाजिक दरोडेखोर’ ही संकल्पना आठवणे स्वाभाविक आहे. राज्य ज्याला गुन्हेगार म्हणते आणि गरीब लोक ज्याला आपला मानतात, जो अखेरीस फितुरीनेच मरतो, असा हा पुरुष. १९६९ मधील त्यांच्या पुस्तकानंतर ह्या संकल्पनेच्या चौकटीत आयव्हन सहज बसवला जातो, आणि वरवर पाहता तो बसतोही. त्याची बातमी एल्साकडूनच फुटते. पण ती का फुटते हे पाहिले म्हणजे चौकट सैल होऊ लागते. आयव्हन ज्या गांजाच्या व्यापारात आहे तो पोलिसांच्या विरुद्ध चाललेला नाही, पोलिस-अधिकाऱ्याच्या संमतीने चाललेला आहे. होजे हा त्याचा मध्यस्थ. फरारी सापडत नाही तेव्हा अधिकारी काय करतो, तर व्यापारच बंद पाडतो. वस्तीची चूल विझते. पेड्रोचा मुलगा आजारी आहे, औषधाला पैसे नाहीत. एल्सा बोलते ती भेकडपणाने किंवा धर्मोपदेशकाच्या वचकाने नव्हे. मुलाकडे पाहून बोलते. हॉब्जबॉम ह्यांच्यावर आक्षेप घेणारा अँटन ब्लॉक ह्यांचा निबंध नेमका १९७२ मध्येच प्रसिद्ध झाला. दरोडेखोर हा गरिबांचा कैवारी असण्याऐवजी पुष्कळदा सत्तेच्या जाळ्यातलाच एक दुवा असतो, असे त्यांचे म्हणणे. हेन्झेल आणि रोन ह्यांना हा वाद माहीत असण्याचे कारण नाही. तरीही त्यांच्या चित्रपटात दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या आहेत : लोकांची आयव्हनवरची माया खरी आहे आणि ज्या व्यापाराने ती वस्ती जगते त्याची दोरी पोलिसांच्या हाती आहे, हेही खरे आहे. हिल्टनची संगीतावर जी पकड, तीच ह्या अधिकाऱ्याची गांजावर. किंगस्टनमधील दोन व्यवसाय चित्रपटाने असे एकासमोर एक ठेवले आहेत, आणि ते एकमेकांसारखे दिसतात.

राजकीय क्षणाचाही उल्लेख करायला हवा, परंतु थोडक्यात. जमैका १९६२ मध्ये स्वतंत्र झाला. फेब्रुवारी १९७२ मध्ये मायकेल मॅन्ली ह्यांचा पक्ष निवडून आला, आणि त्या प्रचारात रेगे संगीताचा मुबलक वापर झाला होता. जूनमध्ये किंगस्टनच्या कॅरिब थिएटरात चित्रपटाचा पहिला खेळ झाला तेव्हा गर्दी आवरेना. रस्त्यावरचे संगीत सत्तेच्या व्यासपीठावर पोचलेले होते. ते कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न मात्र जिथल्या तिथे होता. आणि येथे दिग्दर्शकालाही सूट देता येत नाही. हेन्झेल गोरे, उसाच्या मळ्यावर वाढलेले, इंग्लंडमध्ये शिकलेले, जाहिरातपट काढून हात बसलेले. झोपडवस्तीची बोली त्यांनी पडद्यावर आणली, पण ती त्यांच्या घरची नव्हती. काळ्या जमैकातील नाटककार रोन ह्यांचे सहलेखन येथे केवळ श्रेयनामावलीपुरते मानता येत नाही. संवादांची जी धार आहे, माणसे एकमेकांवर बोलतात, एकमेकांचे शब्द तोडतात, त्यात रंगभूमीवर तयार झालेला कान ऐकू येतो.

ही बोली अमेरिकेत पोचली तेव्हा तिच्याखाली उपशीर्षके आली. चित्रपट इंग्रजीचाच, आणि त्याला इंग्रजी उपशीर्षके! ह्या एका घटनेने भाषाशास्त्रातील ‘भाषा की बोली’ हा जुना वाद जितका स्पष्ट केला तितका अनेक प्रबंधांनी केला नसेल. कॅसिडी आणि ल पाझ ह्यांचा जमैकन इंग्रजीचा कोश १९६७ मध्ये आलेला होता. लुईझ बेनेट कित्येक वर्षे ह्याच भाषेत कविता लिहीत होत्या, आणि समीक्षक त्यांना विनोदी सादरकर्त्या म्हणून बाजूला ठेवत होते. ब्रेथवेट ह्यांनी ह्या भाषेला ‘राष्ट्रभाषा’ म्हणावे तशी एक संज्ञा दिली, ती ‘हिस्टरी ऑफ द व्हॉइस’ ह्या १९८४ च्या पुस्तकाने रूढ झाली. संज्ञेतील ‘राष्ट्र’ आपल्याकडील अर्थाचे नव्हे; तेथे ते गुलाम म्हणून आणलेल्या लोकसमूहांकडे निर्देश करते, आणि ती भाषा कानाने घ्यायची आहे ह्यावर त्यांचा भर आहे.

थेलवेल ह्यांची कादंबरी ह्या वादाच्या मध्यभागी लिहिली गेली. थेलवेल जमैकाचे, अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीत काम केलेले, पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अध्यापन करणारे. चित्रपटावरून बेतलेली पुस्तके बाजारात भरपूर निघतात, ती बहुतेक पटकथेचे गद्य करून टाकतात. थेलवेल ह्यांनी स्वतःपुढे वेगळे काम ठेवले : हा चित्रपट ज्या कादंबरीवरून निघाला असता अशी, आधीच असायला हवी होती ती, कादंबरी लिहिणे. त्यामुळे चित्रपटात एका बसप्रवासात आटोपलेले खेडे कादंबरीत विस्ताराने येते. आजी मिस अमांडा, डोंगरउतारावरील शेत, मृत्यूनंतरचे विधी, गोष्टी सांगणारी माणसे. सिल्व्हिया विंटर ह्यांनी १९७१ च्या एका निबंधात मळा आणि त्याच्या कडेला गुलामांना पोटापुरते पिकवण्यासाठी दिलेला जमिनीचा तुकडा ह्यांतील द्वंद्व कॅरिबियन कादंबरीच्या मुळाशी आहे असे मांडले होते. आजीचे शेत हा तो तुकडा आहे. हेन्झेल ह्यांच्या आयव्हनला भूतकाळ नाही, भूक आहे; थेलवेल ह्यांच्या आयव्हनला गमावण्यासारखे काही आहे. ह्यामुळे कादंबरी जड झाली, असे काहींना वाटेल, आणि मधल्या भागात मलाही ते वाटले. चित्रपटाची गती ज्या अज्ञानातून येते, शहरात नुकत्याच उतरलेल्या माणसाच्या अज्ञानातून, ते अज्ञान कादंबरी टिकवू शकत नाही. तिला फार ठाऊक आहे.

कादंबरीच्या अखेरीस शब्दसूची आहे. बोलीतील संवाद आणि प्रमाणभाषेतील निवेदन ही विभागणी मराठी वाचकाला नवी नाही, आणि तिच्यातील अवघडपणही नवे नाही : निवेदक ज्या भाषेत विचार करतो ती पात्रांच्या तोंडी नसते, आणि सूचीमुळे कोणता वाचक आपला व कोणता पाहुणा हे पानावरच ठरून जाते. थेलवेल ह्यांचे निवेदन मात्र जागोजागी पात्रांच्या बोलण्याकडे झुकते, वाक्याची लय उधार घेते, आणि अशा जागी सूची उघडावीशी वाटत नाही. कॅरोलिन कूपर ह्यांनी १९९३ मधील आपल्या ग्रंथात ह्या कादंबरीचे वाचन मौखिक परंपरेच्या अंगाने केले आहे ते ह्याच जागांच्या बळावर.

तरीही एक गोष्ट पानावर येऊ शकत नाही, ती म्हणजे गाणे. कादंबरीत आयव्हन स्टुडिओत उभा राहतो तेव्हा वाचकाला शब्द मिळतात, स्टुडिओचे वर्णन मिळते, घाम मिळतो. आवाज मिळत नाही. ज्याने चित्रपट पाहिलेला नाही त्याला ते पान शांत आहे. ज्याने पाहिला आहे, त्याच्या कानात त्या ओळींवर जिमी क्लिफचा आवाज येतो, आणि तो येतो ‘आयलंड’ कंपनीने १९७२ मध्येच काढलेल्या त्या रेकॉर्डवरून, जिच्यामुळे रेगे जमैकाबाहेर प्रथम एवढ्या मोठ्या प्रमाणावर ऐकले गेले. मी ही कादंबरी प्रथम वाचली ती चित्रपट पाहण्यापूर्वी, एका ग्रंथालयातील कव्हर गेलेली प्रत, आणि तो प्रसंग मी दोन मिनिटांत उलटून पुढे गेलो होतो. पुढे चित्रपट-संस्थेच्या एका खेळाला चित्रपट पाहिला आणि पुन्हा कादंबरी घेतली, तेव्हा त्याच पानावर थांबावे लागले, कारण मधल्या काळात दुसऱ्याच कोणीतरी ते गाणे माझ्या कानात ठेवून दिले होते.